चाल बदललेलं सुंबरान

यंत्राने ज्ञानबाला ओळखलं नाही, त्या दिवशी घरात पेढे आले. जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत त्याची लेक पायल फोन हातात धरून नाचत होती. "आप्पा, सुटलं की! कंपनीची हरकत न्हाय आली!" ज्ञानबाने पेढा आधी देव्हाऱ्यातल्या बिरुदेवापुढे ठेवला, मग तोंडात टाकला. पंचावन्न वर्षांचा माणूस, उभ्या तालुक्याला ज्याचा गळा ठाऊक, तो आज आपल्याला कुणी ओळखलं नाही म्हणून खूश होता. काय म्हणावं या दिवसांना!

गोष्ट बारा वर्षांमागची. ज्ञानबा तेव्हा गावाकडे मेंढरं राखायचा आणि बिरुदेवापुढे धनगरी ओव्या गायचा. जत्रेत पालखी उठायच्या आधी देवाचं जे स्मरण गातात, ते सुंबरान त्याच्याकडे होतं. त्याची चाल बिरप्पा गुरूने दिलेली, आणि तीही सुखासुखी नाही. सात वर्षं म्हाताऱ्याच्या मागे उभं राहून त्याने झील धरली होती. म्हणजे म्होरक्याने ओळ टाकायची आणि मागच्यांनी तिचा शेवटचा शब्द उचलून लांबवायचा. मरताना बिरप्पा एवढंच म्हणाला होता, "चाल हलू दिऊ नगंस. बाकी काय बी कर."

मग सोलापुरातून अनिलकुमार आला. कुठल्याशा कंपनीचा माणूस, बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. त्याने ज्ञानबाला शहरातल्या स्टुडिओत नेलं, काचेच्या खोलीत उभं केलं आणि एका दिवसात आठ ओव्या आणि सुंबरान भरून घेतलं. शेवटी कागद पुढे सरकवला. सगळा इंग्रजीत. "मामा, तुमचा आवाज जगभर पोचवायची परवानगी आहे ही."

ज्ञानबाने सही केली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण कुणी न सांगता त्याने कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, कागदाला पिवळं बोट लावलं, तेच कपाळाला लावलं आणि म्हणाला, "बिरुदेवाच्या साक्षीनं शबूद दिला. माघारी घेनार न्हाय." अनिलकुमारने हसत फोटो काढला. वकील नको, साक्षीदार नको, या भल्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून दिलं होतं.

पुढे मेंढरं विकून तो पायलच्या शिक्षणासाठी शहरात आला आणि एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचा फोन पार्किंगमध्ये वाजायचा तो ज्ञानबाच्याच आवाजात. साहेब ओवी अर्ध्यात तोडून "हॅलो" म्हणायचे. ज्ञानबा गेट उघडायचा. हा गळा माझा हाय, असं एकदा सांगायला तो गेला होता, पण साहेबांनी काच वर केली.

पायल मोठी झाली तसा तिने तो कागद शोधून वाचला आणि तिचा चेहरा उतरला. मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला ते लोक मास्टर म्हणतात, ते कायमचं कंपनीचं होतं. त्या ओव्या त्या चालीत पुन्हा भरायची सुद्धा ज्ञानबाला मनाई होती. ती त्याला वकिलाकडे घेऊन गेली. वकिलाने चष्मा पुसला आणि सांगितलं, वाचून न दाखवता घेतलेली सही आहे, भांडता येईल.

"भांडायचं न्हाय," ज्ञानबा म्हणाला. "भंडारा उचललाय मी."

"आप्पा, त्यानं फसवलंय तुमाला!"

"व्हय, त्यानं फसवलं. पन भंडारा तर मीच उचलला न्हवं?"

पायलने कागद पिशवीत घातला आणि वकिलाचा नाद सोडला. पण तीही त्याचीच लेक. तिने त्याच्या नावाने चॅनल काढलं. एक सुंबरान तरी असं असावं, ज्याच्यावर मालक म्हणून ज्ञानबाचं नाव असेल, एवढाच तिचा हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर त्याचाही. शब्द तर देवाचे, ते थोडेच त्याने विकले होते, अशी त्याने मनाची समजूत घातली. चालीचं मात्र तो मुद्दाम बोलला नाही. स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा बंद करून तिने फोनवर त्याचं गाणं भरलं आणि चढवलं. पाच मिनिटांत हरकत आली. आवाज आणि चाल कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतात, म्हणून यंत्राने आपोआप काढून टाकलं. पुन्हा चढवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तर चॅनलच बंद होणार होतं.

ज्ञानबा अनिलकुमारकडे गेला. त्याने चहा पाजला. "मामा, गळा तुमचाच आहे, तो कुठे आम्ही घेतलाय? आमचं फक्त रेकॉर्डिंग आहे. तुम्ही चाल बदलून गा ना. आम्ही काही म्हणणार नाही."

ज्ञानबा बाहेर आला. बिरप्पाचे शब्द त्याला आठवत होते, आणि तरीही त्याने चाल बदलली. त्याला लाज वाटली, पण बदलली. सहा महिने रोज ड्यूटीवरून आला की तो स्वयंपाकघराचं दार लावून जुन्या वळणावर जीभ चावायचा आणि गळा दुसरीकडे न्यायचा. जिथे चढायचं तिथे उतरायचा, जिथे थांबायचं तिथे पुढे रेटायचा. सुरुवातीला घशात काटा अडकल्यागत व्हायचं. मग हळूहळू काटा टोचेनासा झाला, आणि त्याला वाटलं, जमलं. मग तिसऱ्यांदा चढवलं आणि पेढे आले, ते असे.

दोन आठवड्यांनी गावची जत्रा होती. ज्ञानबा दरसाल जायचा. जुनी चाल देवापुढे आपोआप येईल, याची त्याला खात्री होती. तीस वर्षं गायलेलं कुठं जातंय!

भर दुपारी देवळापुढे ढोलवाले गोल करून उभे राहिले. मानकऱ्यांनी पालखीच्या दांड्याला हात लावले. सुंबरानाची पहिली झील पडल्याशिवाय पालखी उठत नाही. मागे म्हाळाप्पा आणि बाकीचे झीलकरी कानाशी हात नेऊन तयार होते. ज्ञानबाने डोळे मिटले आणि ओळ टाकली.

ओळ निघाली ती स्वयंपाकघरातली.

म्हाळाप्पाने तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटचा शब्द नको तिथे जाऊन पडला होता, तो उचलायचा कुठून? झील आली नाही. ज्ञानबाने पुन्हा ओळ धरली. अर्ध्यापर्यंत ती बरोबर चालली आणि वळणावर सवयीने खाली उतरली. तिसऱ्यांदा त्याने श्वास घेतला आणि तसाच राहिला. जुनी चाल कुठे वळायची, तेच त्याला आठवेना.

"ज्ञानबा, देव खोळंबलाय," पुजारी हळूच म्हणाला.

"येतंय, येतंय," ज्ञानबा म्हणाला. आलं काहीच नाही.

माईकवाला माउली पुजाऱ्याकडे बघत होता. देवळाच्या कर्ण्यावर रोज सकाळी तो कंपनीचं सुंबरान लावायचा, ते त्याच्याजवळ होतंच. पुजाऱ्याने मान हलवली.

कर्ण्यातून ज्ञानबाचा आवाज निघाला. बारा वर्षांनी तरणा, न अडखळणारा, बिरप्पाने दिलेल्या वळणावर सहज चढणारा. म्हाळाप्पाने शेवटचा शब्द अल्लद उचलला. मागचे सगळे त्यात मिसळले. ढोल घुमला, भंडारा उधळला, लोकांनी चांगभलं केलं. पायल इतका वेळ फोनवर चित्र घेत होती, तिने फोन खाली केला आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

पालखी उठली. ज्ञानबा माईक घेऊन पुढे उभा होता आणि त्याला करायला काही नव्हतं. त्याने माईक जमिनीवर ठेवला, मागे गेला आणि झीलकऱ्यांच्या रांगेत शेवटी म्हाळाप्पाजवळ उभा राहिला. म्हाळाप्पाने त्याच्याकडे न बघता थोडं सरकून जागा दिली. कर्ण्याने पुढची ओळ टाकली. ज्ञानबाने हात कानाशी नेला आणि तिचा शेवटचा शब्द उचलला. बाकीच्यांपेक्षा जरा उशिराच उचलला.