मीटरवर मोजलेलं व्याज

शिंप्याच्या दुकानात एक शिलाई मशीन, तीन कात्र्या, लंगडणारं एक स्टूल आणि कापडाच्या गठ्ठ्यात दडवलेले एक लाख होते. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून शिंप्याला मशीन विकून बसून खायचे डोहाळे लागले होते.

"भाऊजी, मुदत ठेवीत टाका," बँकेतला मेहुणा म्हणाला. "सात टक्के व्याज, धोका काडीचा नाही. तुम्ही झोपा, पैसा कामाला जाईल."

"ह्यांना सवय आहे त्याची," शिंपीण म्हणाली. "रोज दुपारी हे घोरतात आणि काजं-बटणं मी करते."

"तू गप गं. मला टक्के कळत नाहीत, मीटर कळतो," शिंपी म्हणाला. "आज अडीचशेच्या भावाने लाखात चारशे मीटर सुती कापड येतं. वर्षाने व्याजासकट वीतभर जरी जास्त आलं, तर मशीन विकलंच म्हणून समज!"

वर्ष सरलं. मेहुण्याने एक लाख सात हजार ऐटीत भाऊजींच्या हातावर ठेवले आणि तिघंही कापडवाल्याकडे गेले. कापडाचा भाव आता दोनशे सत्तर होता.

"पण भाऊजी, पैसा बुडाला तर नाही ना?" मेहुणा पुटपुटला.

"अजिबात नाही," शिंपीण पदराआड हसत म्हणाली. "नुसता आटलाय."

शिंप्याने दोघांकडे पाठ फिरवली. कापडवाल्याने कॅल्क्युलेटरची बटणं दाबली, आकडा पुसला, पुन्हा दाबली.

तीनशे शहाण्णव मीटर, तीस सेंटिमीटर.