बारावं फूल

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं, "तुझे सासरे बोलतात तोवर काळजी नाही. गप्प बसले की समजायचं, काहीतरी करून ठेवलंय." मी ते हसण्यावारी नेलं. पंख्यापासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांना सूचना देणारा माणूस कधी गप्प बसलाच, तर बरंच की.

जुन्या घराची डागडुजी निघाली तेव्हा बाळ आठ महिन्यांचं होतं. सुतारांनी दारांवरचे रंगाचे थर उतरवले आणि खालून सागवान निघालं. बाळ दिसेल ते चाटतं, म्हणून मी दिवसातून तीनदा चौकटी पुसायची. "वहिनी, पुसून पुसून दार पातळ कराल," सुतार म्हणाले. सासरे एकेका बिजागरीपाशी उभे राहून त्यांना सुतारकाम शिकवत होते.

मग बाहेरच्या खोलीच्या छताची पाळी आली. कडेने चुन्यात घडवलेली बारा फुलं. सात कधीच गळून पडलेली, चार वरच्या सफेदीखाली बुजून बटणांसारखी झालेली, आणि खिडकीवरचं बारावं मात्र पाकळी न पाकळी रेखीव. जुन्या गिलाव्याचे जाणकार म्हणून बोलावलेले गवंडीमामा परांचीवर चढले आणि त्या फुलासमोर त्यांनी टोपी काढली.

"हे मूळ काम," ते म्हणाले. "याचा साचा घेतो आणि त्यातून बाकीची नवी घडवतो. ती चार बटणं नंतर कोणीतरी चिकटवलीत, ती उद्या सकाळी छिन्नीने उतरवू. साहेब, असा हात आता बघायला मिळायचा नाही."

सासरे काहीच बोलले नाहीत.

जेवतानाही नाही. चहात साखर नव्हती, तरी नाही. मी त्यांचं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं, जीभ दाखवायला सांगितली. बाळानेही दाखवली. दोन्ही जिभा ठीक होत्या, तेव्हा कुठे मला सासूबाईंचं बोलणं आठवलं.

सकाळी मामांनी पहिल्या बटणाला छिन्नी टेकवली आणि सासरे कपबशी घेऊनच परांचीखाली जाऊन उभे राहिले.

"बाबा, काय असेल ते आत्ता बोला," मी म्हणाले. "फुटल्यावर बोलून उपयोग नाही."

"मामा, हात आवरा," सासरे म्हणाले. "मूळ ती चार आहेत. हे खिडकीवरचं माझं आहे."

"तुमचं म्हणजे?" मामांनी विचारलं.

"तीस वर्षांपूर्वी पंखा लावताना माझ्या शिडीने इथलं फूल फुटलं. ही माहेरी होती. म्हटलं, यायच्या आत निस्तरावं. प्लास्टर कालवलं आणि साबणाच्या डबीचं झाकण होतं, फुलाचं, त्यात ओतलं."

मामांनी टोपी परत डोक्यावर घातली.

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला. "गुलाबी डबी?"

"हो."

"ते झाकण तुमच्या बहिणीने ढापलं, असं मी तीस वर्षं धरून चालले. वन्सं राहायला आल्या की मी त्यांना साबण कागदात गुंडाळून देते."

"मला वाटलं, तू विसरली असशील."

"विसरले असते हो. पण डबी अजून तशीच उघडी आहे ना."

दुपारीच त्या बॅग भरून वन्संकडे माफी मागायला गेल्या. माफी पहिल्या पाच मिनिटांत आटोपली म्हणे. चार दिवस झाले, दोघी मिळून सासऱ्यांचे जुने पराक्रम काढताहेत.

मामांनी सासऱ्यांना शिक्षा फर्मावली. चारही फुलांवरची सफेदी जुन्या टूथब्रशने त्यांनीच काढायची. धूळ नको म्हणून मी बाळाला घेऊन माहेरी आले, नवरा कामावरून रात्रीच घरी पोचतो. काल सासऱ्यांनी पहिल्या फुलाचा फोटो पाठवला. सात पाकळ्या, एक किंचित वाकडी, घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा अजून तिच्यावर. फोटो हलला होता. म्हणजे एका हाताने फोन, दुसऱ्यात ब्रश. मग परांची कुठल्या हाताने धरली होती?

आज सकाळपासून ते फोन उचलत नाहीत. वय बहात्तर. तुमचं आमच्या घरावरून जाणं झालं, तर खिडकीतून जरा आत बघाल का? आत जाऊ नका, ब्रश कसा धरायचा ते शिकवत बसतील. जेवायला खाली उतरतात का आणि परांचीवर चप्पल घालून चढत नाहीत ना, एवढं बघून मला कळवा.