डावीकडचं बटण

मिनिटसाहेबाच्या कानाखाली मी जाळ काढला तो सगळ्या कारखान्यासमोर. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी त्याचा चष्मा फुटला. माझे हात कोपरापर्यंत माझ्या सुनेच्या रक्तानं भरलेले, ते त्याच्या गालालाही लागलं. दोघांनी मला मागून धरलं नसतं, तर मी त्याचा जीवच घेतला असता.

आमचा रबराचा कारखाना. चपलांचे तळवे बनतात. माझ्या मशीनला दोन जाडजूड लोखंडी रूळ, समोरासमोर फिरणारे. मध्ये रबर घालायचं, ते चिरडून पातळ होऊन खाली येतं. रबर काय आणि हात काय, मशीनला सगळं सारखंच. म्हणून बंद करायचं लाल बटण मांडीजवळ, पत्र्याच्या आत बसवलंय. वाकल्याशिवाय दिसत नाही. न बघता थाप मारायची. बावीस वर्षं मारतेय.

मिनिटसाहेब म्हणजे आमचा ट्रेनिंगवाला. प्रत्येक कामाचा एका मिनिटाचा व्हिडिओ, नव्या माणसानं तो तीनदा बघायचा, सही करायची आणि लागायचं कामाला, म्हणून हे नाव पडलं. माझ्या मशीनचा व्हिडिओ त्यानं माझ्यावरच सोपवला. जेवणाच्या सुट्टीत मी फोन रॅकला टेकवला, आणि आपण नीट दिसतोय की नाही ते कळावं म्हणून पुढचा कॅमेरा लावला. केसही सारखे केले, खोटं कशाला बोलू! व्हिडिओत माझ्या अ‍ॅप्रनवरची अक्षरं उलटी आली. मिनिटसाहेबाला दाखवलं तर तो हसला. "अहो मावशी, तुमच्या पोटावरचं कोण वाचत बसणार?" मीही हसले.

दोन महिन्यांनी माझी सून आमच्याच खात्यात लागली. मला विचारलंसुद्धा नाही. तसं घरात आमचं बोलणं बंदच होतं. 'तुमच्या तोंडापुढं माणूस टिकत नाही,' असं ती म्हणाली होती. खरं बोलली होती, त्याचाच तर राग! मिनिटसाहेब म्हणाला, "मावशी, एक दिवस तिच्याजवळ उभ्या राहा."

"व्हिडिओ आहे ना?" मी म्हटलं. "बघ म्हणावं डोळे फाडून."

तिनं बघितला. तीनदा कसला, भांडी घासतानासुद्धा फोन नळामागं उभा करून बघत होती. मी काणाडोळा केला.

सोमवारी सकाळी फोरमननं तिला मशीन चालू करून दिलं. माझ्या मशीनच्या बरोबर मागचं, अगदी तसलंच. अर्ध्या तासात किंकाळी आली. वळून बघते तर तिचा उजवा हात मनगटापर्यंत रुळांत, आणि मोकळ्या डाव्या हातानं ती डावीकडच्या पत्र्यावर थापा मारतेय. धाड, धाड, धाड. तिथं नुसता पत्रा.

"उजवीकडं!" मी ओरडले. "अगं बये, उजवीकडं!"

तिला कुठलं ऐकू येतंय! मी धावत गेले, तिच्या अंगावर पडतच उजवीकडचं बटण मारलं. रूळ थांबले. उलटे फिरवून हात सोडवला, तर बोटं कुठली आणि रबर कुठलं ते कळत नव्हतं. डाव्या तळव्याचीही सालटं निघाली होती.

पोरीला गाडीत घातलं आणि मिनिटसाहेब वही घेऊन आला. "सही आहे त्यांची. बटण व्हिडिओत स्पष्ट दाखवलंय." तेव्हाच मी त्याला मारलं.

गालावर हात धरून त्यानं फोन माझ्या तोंडासमोर आणला. "बघा! तुम्हीच बघा!"

व्हिडिओत मी होते. केस सारखे केलेली. माझा डावा हात खाली गेला, डावीकडच्या लाल बटणावर थाप बसली, रूळ थांबले. पण मी उजव्या हाताची. ते बटण मी जन्मात कधी डाव्या हातानं मारलं नाही. अक्षरं उलटी आली होती तसं सगळंच आरशातल्यासारखं उलटं आलं होतं. ज्यांनी मला धरलं होतं, त्यांनीच मला खाली बसवलं.

तिचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. मिनिटसाहेबाला कामावरून काढलं. जो तो त्यालाच शिव्या देत होता, माझा मुलगासुद्धा. मी गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती छताकडं बघत बोलली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली.

"आई, मी किती मारलं हो. डावीकडं बटण का नव्हतं?"

मी सांगितलं. पुढचा कॅमेरा, उलटी अक्षरं, मी हसले तेही. आणि एक दिवस तुझ्याजवळ उभी राहिले नाही, तेही.

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग पट्टी बांधलेला डावा हात उचलून तिनं माझ्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. पट्टीतून रक्त आलं. तिसऱ्या वेळी तिला हात उचलवेना.

मी स्टूल पुढं ओढलं आणि तिचा हात पोचेल इतक्या जवळ बसले.

"दम खा जरा," मी म्हटलं. "मग मार. मी इथंच बसलेय."