दार कुठल्या हाताला

मागच्या शेडमधून जुनी दारं बाहेर काढली, तेव्हा आईने एकेकाला हात लावून ओळख पटवली. हे स्वयंपाकघराचं. हे माझ्या खोलीचं. आणि हे मधल्या खोलीचं. याची कडी कायमची लाडावलेली, जरा उचलून धरल्याशिवाय बसायची नाही.

थोरली लेक बघतच राहिली. नजर गेल्यापासून आईने या घरात कशालाच इतक्या खात्रीने हात लावला नव्हता.

झालं होतं ते असं. काही वर्षांपूर्वी बारक्याने मोठ्या हौसेने घर नवं केलं. बारक्या म्हणजे थोरलीचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. त्याने लाकडी दारं काढून गुळगुळीत प्लायची लावली, सगळ्यांना एकसारख्या गोल मुठी. खिडक्या सरकत्या. आईला तेव्हा दिसत होतं. मग डोळे विझत गेले आणि घरातली सगळी दारं मिळून एकच दार झालं. मूठ फिरवायची, पुढे काय निघेल ते नशीब. एकदा आई भिंतीतल्या कपाटात शिरली आणि आतून विचारू लागली, “अरे, नळ कुठे गेला?”

तिघंही पोट धरून हसले. हसून झाल्यावर बारक्या म्हणाला, “आई, आता पुरे. माझ्याकडे चल.”

“तुझ्याकडे मी काय करू? सोफ्यावर उशीसारखी बसू?”

थोरलीने मध्ये तोंड घातलं. जुनी दारं-खिडक्या परत लावू. जशी होती तशी, मुठीसकट, खिटीसकट. मग आई एकटी घरभर फिरून आली, कुणी हात न धरता, तर ती इथेच राहील. नाहीतर सामान बांधायचं.

“डोळे गेले आईचे आणि दागिने घराला!” बारक्या म्हणाला. पण कबूल झाला. काम संपेपर्यंत धूळ नको म्हणून आईला आपल्याकडे घेऊनही गेला.

*

दारं बसवायला मिस्त्री होता; खरवडायचं काम थोरलीने स्वतःकडे घेतलं. दारांवर आणि चौकटींवर रंगाचे थर.

पांढरा. फक्त चौकटींवर. बारक्याच्या हौसेचा, दवाखान्यासारखा.

त्याखाली पिस्ता. थोरलीच्या लग्नाआधीचा. बाबा म्हणाले होते, माणसं येतील, घर जरा हसरं दिसू दे.

त्याखाली निळा. ओल्या निळ्याला शाळेतून आलेल्या बारक्याने पाठ टेकली होती. शर्ट गेला, मार बसला, आणि दारावर शर्टाच्या विणीचा ठसा राहिला. पिस्ता निघाल्यावर तो ठसा बोटाला लागला. थोरलीने खरवडायचा पत्रा खाली ठेवून त्यावरून एकदा तळवा फिरवला. मग खरवडला.

त्याखाली तपकिरी, तिच्या आठवणीच्या पलीकडचा. आणि त्याखाली…

“ताई, इकडे या जरा,” मिस्त्रीने हाक मारली.

तो मधल्या खोलीच्या चौकटीपाशी उभा होता. बिजागऱ्यांच्या खाचा डावीकडे होत्याच. पण उजवीकडेही होत्या, लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेल्या.

“सगळ्या रंगांच्या खाली आहेत या. म्हणजे दार पहिलं इकडे होतं. पुढे कुणीतरी फिरवलंय.”

थोरली आठवू लागली. डावीकडे? उजवीकडे? हजारदा ज्या दारातून धावली, ते कुठल्या बाजूला उघडायचं ते काही केल्या आठवेना. हाताला माहीत असेल, पण हात बोलतो थोडाच.

“मूळ जागा हीच ना? मग इथेच लावा,” ती म्हणाली. “मूळ ते मूळ.”

मिस्त्रीने उजवीकडच्या खाचा उकरल्या, पटाशीने साफ केल्या. बिजागऱ्या अशा बसल्या की जणू वाटच पाहत होत्या.

*

आई आली. चपला काढल्या. “कुणी मध्ये येऊ नका,” म्हणाली.

पितळी मूठ, आडवी. “माझी खोली.” आत गेली, बाहेर आली.

खिडकीची खिटी. फिरवली. वारा आला. “हं.”

स्वयंपाकघराची साखळी तिने वाजवलीसुद्धा, उगाच, लहान पोरीसारखी.

थोरलीने बारक्याकडे पाहिलं, भुवया उडवून. बारक्याने तोंड फिरवलं.

मधली खोली. आईचा हात पुढे गेला. उजवीकडे. तिथे कडी नव्हती, बिजागरी होती. हात खाली सरकला, वर गेला. पुन्हा खाली. आईने एक पाऊल मागे घेतलं आणि ज्या आवाजात कपाटातून विचारलं होतं त्याच आवाजात, पण आता हसण्यासारखं काही नव्हतं, विचारलं, “मी कुठे आलेय?”

बारक्या हळूच म्हणाला, “ताई, ठरलं होतं आपलं.”

“आई चुकली नाहीये,” थोरली म्हणाली. “आई, हे दार पहिलं उजवीकडे होतं ना? जुन्या खाचा आहेत.”

आईचा चेहरा उलगडला. “अगं, ते फार आधी! तू रांगायला लागलीस आणि नेमकी त्या दारामागे जाऊन बसायचीस. हे कामावरून येऊन दार ढकलायचे की तुझं डोकं ठाण्! पुन्हा टेंगूळ आलं तेव्हा त्यांनी बूटही काढले नाहीत. दार उतरवलं, बिजागऱ्या इकडच्या तिकडे केल्या. खिळा सरळ ठोकता येत नव्हता त्या माणसाला. म्हणून तर ती कडी अशी.”

थोरलीचा हात नकळत कपाळाकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. इतकी वर्षं हे दार तिच्यासाठी उलटं उघडत होतं आणि तिला पत्ता नाही. आणि तिने ते मूळ जागी नेऊन ठेवलं.

“माझ्यासाठी हलवलं का बाबांनी कधी काही?” बारक्याने विचारलं. पन्नाशीच्या माणसाने विचारू नये अशा सुरात.

“तुझ्यासाठी घरातल्या सगळ्या खिट्या हातभर वर नेल्या. माकड होतास.”

मिस्त्रीने घसा खाकरला. “परत फिरवायचं म्हणता? चौकटीची चाळण होईल, ताई.”

“होऊ दे.”

दार जड होतं. मिस्त्रीने एकीकडून उचललं. दुसरीकडून कुणी सांगायच्या आत बारक्याने खांदा दिला. आई चौकटीसमोर उजवा हात पुढे करून उभी राहिली.

“कडी इथे येऊ दे. खाली. अजून जरा. अरे, तुझ्या उंचीने नको धरूस, माझ्या!”

“धरतोय, धरतोय,” बारक्या धापा टाकत होता.

शेवटचा स्क्रू बसला. आईने सगळ्यांना बाजूला केलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर तिघं उभे.

“आई?” बारक्याने हाक मारली. “काय करतेयस?”

“काही नाही. बसलेय.”

तो थोडा थांबला. मग दाराला उद्देशून म्हणाला, “त्या खोलीतली गादी पार बसलीये, आई. इथेच राहायचं तर बदलायला हवी.”