दोन चट्टे पाहिलेला आरसा

दातांच्या डॉक्टरांकडे कधी गेला असाल, मित्रांनो, तर मला ओळखाल. लांब दांड्याच्या टोकाला बसवलेला, नाण्याएवढा गोल आरसा. आता माझी काच कडेने काळवंडली आहे. पण कारखान्यातून नवा आलो तेव्हा डॉक्टरबाईंच्या ट्रेमध्ये माझ्याइतकं लखलखीत दुसरं काही नव्हतं.

गरम वाफेत न्हाऊन निघायचं आणि दिवसभर परक्या तोंडांत शिरायचं, हे माझं काम. किडलेल्या दाढा पाहिल्या, अडून बसलेल्या अकलदाढा पाहिल्या. "याच्यात कानाकोपरा दिसतो," असं डॉक्टरबाई म्हणाल्या की मला छाती नसूनही ती फुगायची.

एके दिवशी एक शिंपीदादा आले. आले कसले, त्यांच्या धाकट्या बहिणीने त्यांना ओढतच आणलं. दोघं मिळून दुकान चालवायची. दादा कापड बेतायचे, ताई काज-बटणं करायच्या.

"तंबाखूनं तोंडाचं मातेरं केलंय बघा यानं," ताई म्हणाल्या. "सांगून सांगून माझी जीभ झिजली."

दादांच्या गालात आतून मोठा पांढरा चट्टा होता. डॉक्टरबाईंनी तो नीट पाहिला आणि ताईंकडे वळल्या. "आता तुम्हीही बसा."

"मी कशाला? मी तंबाखूला हातसुद्धा लावत नाही."

"आलाच आहात, तर बघून घेऊ."

ताईंच्या जिभेच्या कडेला, अगदी मागे, मसुरीच्या दाण्याएवढा चट्टा होता. पांढऱ्यात लाल ठिपके. दुखत नव्हता, म्हणून त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

दोघांच्या चट्ट्यांचा छोटा तुकडा तपासायला गेला. दादांच्या पेशी ठीक निघाल्या. ताईंच्या मात्र जागोजागी विस्कटलेल्या होत्या.

"म्हणजे कॅन्सर?" ताईंनी विचारलं.

"नाही. पुढे होऊ शकतो. किंवा वर्षानुवर्षं असाच राहील."

"होईल की नाही, तेवढं सांगा."

"तेवढंच छातीठोकपणे सांगता येत नाही, ताई. चट्टा कुठे आहे, रंग कसा आहे, पेशी कशा आहेत, यावरून अंदाज बांधायचा. तुमचा धोका मला जास्त वाटतो. काढून टाकू या."

ताईंनी नकार दिला. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांचे गठ्ठे पडले होते. "दुखत नाही ना, मग बघू नंतर," म्हणून त्या उठल्या.

तेव्हापासून मला चैन पडेना. कुणाच्याही तोंडात पांढरं दिसलं की वाटायचं, हा पुढे कॅन्सर होऊन उलटेल का? मला नुसतं दिसत होतं. आजचं दिसायचं, उद्याचं नाही. डॉक्टरबाईंचीही तीच गत असावी. दुपारचे पेशंट संपले की त्या दुकानात फोन करायच्या, "ताई, कधी येताय?"

ताई काही आल्याच नाहीत. शेवटी दादांनीच दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन आले.

चट्टा फारसा वाढला नव्हता. पण डॉक्टरबाईंनी बोटाने दाबून पाहिलं तेव्हा त्याची कड टणक लागली. त्यांनी लगेच पुन्हा एक तुकडा तपासायला पाठवला.

या वेळी पेशींनी कूस बदलली होती. तो कॅन्सरच होता. पण लहान असतानाच सापडला. मोठ्या इस्पितळात ताईंच्या जिभेचा तेवढा भाग काढला. जीव वाचला, बोलणं थोडं बोबडं झालं. दादांनी धसक्याने तंबाखू सोडली. त्यांचा चट्टाही फिका पडत गेला. तो भला मोठा चट्टा शांत बसला आणि हा मसुरीएवढा उलटला. असं का झालं, हे मला आजही उमगलेलं नाही.

पुढे माझी काच धुरकट झाली. नवे आरसे आले आणि मी मोडक्या चिमट्यांबरोबर खणात पडलो. एकदा खण आवरताना डॉक्टरबाईंनी मला कचऱ्यासाठी बाजूला काढलं. तपासणीला आलेल्या ताईंनी ते पाहिलं. "टाकणार असाल तर मला द्या," त्या म्हणाल्या.

आता मी शिंप्याच्या दुकानात राहतो. सकाळी ताई मोठ्या आरशासमोर उभ्या राहून मला तोंडात धरतात आणि जीभ न्याहाळतात. मग मला गरम पाण्याने धुऊन दादांना तोंड उघडायला लावतात. तपासणीच्या तारखा दोघांनीही अजून चुकवलेल्या नाहीत. धुरकट काचेत दिसतं ते कमीच, म्हणून डॉक्टरबाईंकडे जाणं त्या टाळत नाहीत.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना माझा निरोप सांगा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर दुखायची वाट बघू नका. दाखवा, आणि डॉक्टर पुन्हा बोलावतील तेव्हा पुन्हा जा.

परवा ताईंनी सदऱ्याचं माप घेता घेता एका गिऱ्हाइकाला विचारलं, "तोंडात काही बरं न होणारं आहे का?" शब्द अडखळले. ते गृहस्थ हसले. ताई हसल्या नाहीत. माप घ्यायची फीत गळ्यात अडकवून त्यांनी तोच प्रश्न सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा विचारला. गृहस्थांचं हसू मावळलं. ते म्हणाले, "आहे खरं. बायको कधीची मागे लागलीय."

ताईंनी मला उचललं नाही. त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला.