देवीचा मोबाइल नंबर

रचनाने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले. मग बोटभर उघडून पाहिलं. आत अजून चालूच होतं.

पडद्यावर एकाखाली एक ओळ उतरत होती. बनशंकरी देवी, पत्रिका पाठवली. बनशंकरी देवी, पत्रिका पाठवली. कुणी नामजपाला बसलं असावं इतक्या निष्ठेने.

थोरल्या बहिणीच्या, आरोहीच्या लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवरून आपोआप पाठवणारा हा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला होता. पायथॉनच्या क्लासला महिना झाला होता. आणि पहिल्या महिन्यात माणसाला जेवढा आत्मविश्वास येतो, तेवढा पुढे आयुष्यात पुन्हा येत नाही. घराण्यात पहिली पत्रिका देवीपुढे ठेवायची रीत. तेव्हा यादीतही पहिलं नाव देवीचंच हवं, असा तिच्या वडिलांचा, कल्लाप्पांचा हट्ट होता. पण नंबराशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकेना.

"देवीला कुठला नंबर घालू, बाबा?" तिने सकाळी विचारलं होतं.

"तुझ्या आजोबांचा घाल. दोघंबी आता एकाच ठिकाणी हायत," मागावरची नजर न काढता कल्लाप्पा म्हणाले, आणि नंबर घडाघडा सांगून मोकळे झाले.

तिने प्रोग्रॅम लावला आणि आंघोळीला गेली. परत येऊन पाहते तर तो देवीपाशीच मुक्कामाला.

एक पत्रिका गेली की पुढच्या नावावर जा, अशी ओळ तिने नक्की लिहिली होती. मग हा जात का नव्हता? शेजारच्या खोलीत यंत्रमाग खडखडत होता. धागा तुटला तर तोसुद्धा आपणहून थांबतो. लॅपटॉप बटण दाबून बंद करावा, तर तो मैत्रिणीचा. चालता प्रोग्रॅम कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचा, असं क्लासमध्ये सांगितलेलं तिला आठवलं. पण ती जोडी तिने आजवर फक्त कॉपी करायला वापरली होती, आणि या घटकेला कशाचीही आणखी एक कॉपी काढायची तिची छाती नव्हती.

तेवढ्यात पत्रिकांपुढच्या खुणा निळ्या झाल्या. वरपासून खालपर्यंत, एका दमात.

आजोबांना जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. तिकडे न पाहता रचनाने खुर्ची फिरवली.

मग उत्तर आलं.

"बास. आलो."

गल्लीत स्कूटर थांबली. दारात जो उभा राहिला तो आजोबांचा चेहरा घेऊनच उभा राहिला, आणि तो भावकूकाका आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. कळल्यावर भीती कमी होण्याऐवजी वाढली.

मागांची वाटणी झाल्यापासून कल्लाप्पांचा हा धाकटा भाऊ वडगावला राहायचा. बोलणं बंद. 'भावकूला पत्रिका गेली तर मी मांडवात पाय ठेवणार न्हाय,' असं कल्लाप्पांनी सगळ्या घरादेखत सांगितलं होतं. आणि ते करून दाखवणारे होते. आत्याच्या लग्नात रुसले, तेव्हा अक्षता पडेपर्यंत ते खानापूरच्या स्टँडवर बसून होते. आतल्या खोलीत आरोही हिरवा चुडा घालून पाहत होती.

माग थांबला. कल्लाप्पा हात पुसत बाहेर आले.

"बास कर की, अण्णा," भावकू म्हणाला. हातातला फोन थरथरला. "सकाळधरनं थांबंना झालाय ह्यो. दुकानात माणसं हसाय लागल्यात."

कल्लाप्पांनी हात पुसणं चालूच ठेवलं.

"आप्पा गेल्यापास्नं त्येंचं सिम मीच चालवतो, ठाव हाय की तुला. एक पत्रिका आली तवा म्हटलं, चुकून आली. धा आल्या. मग म्हटलं, अण्णा काय आता ऐकत न्हाय."

एवढं बोलूनही तो उंबऱ्याबाहेरच होता. एक चप्पल काढलेली, एक पायात.

रचनाने पडद्याकडे पाहिलं, आणि आता तिला दिसलं. पुढच्या नावावर नेणारी ओळ डावीकडे सरकून लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, बाहेर पडली होती. तिची पाळीच येत नव्हती. तिने कंट्रोल चाचपलं, सी चाचपलं.

"बाबा, माझ्याकडनं चुकून झालं. बंद करते, आत्ता करते."

भावकूचा फोन पुन्हा वाजला. कल्लाप्पांनी भावाच्या पायातल्या चपलेवरची नजर हलवली नाही.

"दम खा," ते हळूच म्हणाले. "त्येला आत येऊ दे पैलं."