एका कार्डाला एक चिठ्ठी

आमच्या वाचनालयात वाय-फाय फुकट आहे, पण नियमांचा सुकाळ. कार्ड दाखवायचं, काउंटरवरून पासवर्डची चिठ्ठी घ्यायची. एका कार्डाला दिवसाला एक चिठ्ठी, एका चिठ्ठीवर एकच फोन, तोही तासभर.

ओरिकासा-सान रोज चारला दोन कार्डं घेऊन यायचे, एक स्वतःचं आणि एक बायकोचं. फुसाएबाई आठ महिन्यांपूर्वी गेल्या. नंतर ओरिकासा-साननी दोन्ही फोनचं इंटरनेट बंद करून टाकलं होतं. खिडकीपाशी बसून दोन्ही फोन जोडायचे आणि आपल्या फोनवरून तिला लिहायचे, "निघालोय. तोफू आणू का?" शेजारचा फोन वाजायचा. तो उघडला, की यांच्या फोनवर 'वाचलं' अशी खूण उमटायची. ती बघितली की म्हातारा घरी जायला मोकळा.

काउंटरवरच्या आम्हा तिघींना सगळं ठाऊक होतं. पण जपानात, त्यातून आमच्या इवाते भागात, असलं कुणी तोंडावर बोलत नाही. बोललं नाही तोवर चिठ्ठी देता येते.

कार्डाची मुदत वर्षाची. मंगळवारी फुसाएबाईंच्या कार्डाची संपली, आणि माझं तोंड सवयीनं चाललं. मुदत वाढवताना वीस वर्षं तेच वाक्य.

"पत्ता तोच ना? काही बदल?"

त्यांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते कमरेत वाकले.

"बदल आहे हो. ती वारली. आधीच कळवायला हवं होतं. चुकलंच माझं."

"कशाला विचारलंस गं, बये?" मागून आमच्यातली चिएको पुटपुटली.

एकदा कानावर आलं की करावंच लागतं. मी कार्ड रद्द केलं, कोपरा कापला. त्यांनी वर माझे आभारही मानले. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळत होतं.

मी एकच चिठ्ठी दिली. त्यांनी बायकोचा फोन जोडला आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. त्या फोनवर लिहिणारं माणूस जगात एकच उरलेलं, आणि त्याचा फोन खिशात बंद. तास संपला. ते काउंटरपाशी आले.

"उद्याही एकच मिळणार ना, कुरामोची-सान?"

"एकच."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

"मग उद्या माझ्यावरून लिहितो. परवा ती वाचेल. तेरवा मला कळेल."

"बरं," मी म्हणाले, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचं कार्ड हातात घेतलं.